चावी देण्याआधी कागद

  हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या. आजचा विषय पैशाचा आहे, घराचा आहे आणि परक्या मुलींच्या जबाबदारीचाही आहे.

बारावीचे निकाल लागले की आपल्या भागात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "ताई, मुलींसाठी खोली आहे का कुठे?" मुरबाडकडून, कर्जतकडून, शहापूरच्या पाड्यांवरून मुली शिकायला येतात. कुणी हेंद्रेपाड्याच्या भारत कॉलेजात, कुणी वांगणीजवळ कारावच्या हरणे इंजिनीअरिंग कॉलेजात, कुणी लोकल पकडून उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजात. सगळ्यांना वसतिगृह मिळत नाही. मग तीन-चार जणी मिळून एक खोली घेतात. आणि ती खोली बहुतेक वेळा आपल्यासारख्याच एखाद्या बाईची असते. मागच्या अंगणात बांधलेली, नाहीतर वरच्या मजल्यावर पत्रा टाकून काढलेली.

बाईसाठी ही कमाई मोठी असते. घर सोडून कुठे जावं लागत नाही आणि दर महिन्याला रक्कम हातात येते. म्हणून अलीकडे गटाच्या बैठकीत शिलाई मशीन, मसाला, पापड यांच्या बरोबरीनं "खोली बांधायला कर्ज हवं" अशीही मागणी येते. त्यामुळे हा विषय एकट्या घरमालकिणीचा राहत नाही. गटाचा पैसा त्यात अडकलेला असतो.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. मुलींच्या हातात चावी देण्याआधी कागद पूर्ण करा. कोणते कागद, कुठे मिळतात, किती खर्च येतो, ते एकेक करून बघू.

पहिलं म्हणजे बांधकाम.

खोली भाड्यानं देण्याआधी स्वतःला विचारा, ही खोली कागदावर आहे का? बेलवली कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत येते. इथे नवीन खोली काढायची, मजला चढवायचा, तर नगरपरिषदेची बांधकाम परवानगी लागते. घर गावठाणातलं आहे, आजे-सासऱ्यांच्या वेळचं आहे, तरी वाढीव बांधकामाला परवानगी लागतेच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 हा त्याचा मूळ कायदा. खोली किती उंच असावी, हवा-उजेड किती हवा, शेजारच्या भिंतीपासून किती जागा सोडावी, हे सगळं डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दिलेलं आहे. परवानगी नसलेलं बांधकाम काढून टाकायची नोटीस देण्याचा अधिकार याच कायद्यानं नगरपरिषदेला दिला आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. बायका म्हणतात, "आम्ही त्या खोलीची घरपट्टी भरतो, म्हणजे ती कायदेशीर झाली." असं नसतं. घरपट्टी ही वापरावरची पट्टी आहे. पावती हातात आहे म्हणून बिनपरवाना खोली परवान्याची होत नाही. गुंठेवारीच्या जागेवरची बांधकामं नियमित करण्यासाठी 2001 चा वेगळा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्यात आणलं. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावं लागतं आणि तुमची जागा त्यात बसते की नाही हे नगरपरिषदेचा नगररचना विभाग सांगतो. एजंट "होऊन जाईल" म्हणाला, एवढ्यावर पैसे देऊ नका.

नगरपरिषदेच्या बाहेर, ग्रामपंचायत असलेल्या गावांत राहणाऱ्या मैत्रिणींनी आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं की आपल्या जागेवर बांधकाम परवानगी कोण देतं. जागा गावठाणात की गावठाणाबाहेर, यावर उत्तर बदलतं.

आता गटाचं म्हणणं. एखादी ताई खोली बांधायला पन्नास हजार मागते. आपण काय बघतो? तिची बचत नियमित आहे का, मागचं कर्ज फेडलं का, जामीन कोण आहे. हे बघायलाच हवं. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी बघा, जागा कुणाच्या नावावर आहे आणि बांधकामाला परवानगी आहे का. उद्या त्या खोलीवर नोटीस आली, खोली पाडली गेली, तर भाडं त्याच दिवशी बंद होतं आणि हप्ता मात्र चालू राहतो. तो हप्ता ताई कुठून भरणार? गळ्यातलं मोडून भरते, नाहीतर बाकीच्या नऊ जणींच्या बचतीला खड्डा पडतो.

जागा कुणाच्या नावावर आहे, हे मी मुद्दाम म्हणते. खोली बाईनं बांधली, कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते आणि घर मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. भाड्याचा करार करायचा तर ज्याच्या नावावर घर आहे त्याची सही लागते, किंवा त्यानं बाईला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. मग भाडंही त्याच्याच खात्यात जातं. कर्ज देतानाच घरात हे बोलून घ्या. शक्य असेल तर घराला बाईचं नाव लावून घ्या. तेही जमत नसेल तर निदान भाडं तिच्या खात्यात जमा होईल असं करारात लिहून घ्या.

दुसरं म्हणजे भाड्याचा करार.

आपण बोलीभाषेत भाडं म्हणतो, पण मुलींना खोली देताना सहसा जो कागद करतात त्याला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे अनुज्ञप्ती करार म्हणतात. बहुतेक जणी अकरा महिन्यांचा करार करतात. त्याचं कारण विचारलं तर उत्तर येतं, "अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली की झालं."

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा कायदा आहे. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याचं कलम 55 सांगतं की असा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. अकरा महिने असो, सहा महिने असो, सूट नाही. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

पण शिक्षेपेक्षा मला याच कलमातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. नोंदलेला लेखी करार नसेल आणि भांडण झालं, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. घरमालकाला ते खोटं ठरवायचं असेल तर तसा पुरावा त्याला द्यावा लागतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचं उदाहरण सांगते. चार मुलींना खोली दिली. अनामत घेतली, तोंडी ठरलं की मधेच सोडलं तर एक महिन्याचं भाडं कापून बाकीची परत. दिवाळीनंतर एक मुलगी सोडून गेली. तिचे वडील आले आणि म्हणाले, "पूर्ण रक्कम परत द्यायचं ठरलं होतं." ताई म्हणाल्या, "नाही, महिना कापायचं ठरलं होतं." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील. पण कागदच नव्हता. ताईंनी पूर्ण रक्कम दिली, वर उरलेल्या तिघी म्हणू लागल्या की आम्ही चौथीचं भाडं का भरावं? त्या महिन्याचा गटाचा हप्ता चुकला तो तिथे. ताईंची बाजू खोटी होती म्हणून नव्हे, लिहिलेली नव्हती म्हणून.

आता खर्च किती येतो ते ऐका, कारण खर्चाच्या भीतीनंच बायका मागे फिरतात. मुद्रांक शुल्काचा हिशेब असा. पूर्ण मुदतीचं भाडं घ्यायचं. परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. येईल त्या रकमेवर पाव टक्का शुल्क. समजा, खोलीचं भाडं महिना 6000 रुपये, अकरा महिन्यांचे झाले 66000. अनामत 20000, तिचं अकरा महिन्यांचं व्याज साधारण 1833. बेरीज 67833. त्याचा पाव टक्का म्हणजे सुमारे 170 रुपये. पुढच्या शंभरापर्यंत धरले तर 200. याशिवाय नोंदणी फी नगरपालिका, महानगरपालिकेच्या भागात 1000 रुपये आणि ग्रामीण भागात 500 रुपये. म्हणजे बेलवलीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून साधारण 1200 रुपये. अकरा महिन्यांत वाटले तर महिन्याला 109 रुपये. चार मुलींच्या एका वेळच्या वडापावाएवढा खर्च आहे हा. हे शासनाचं शुल्क झालं. घरी येऊन अंगठे, फोटो घेणारा सेवा पुरवठादार बोलावला तर त्याची फी वेगळी, ती आधी विचारून घ्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हा करार ऑनलाइन करता येतो. आधार कार्ड, अंगठा आणि फोटोवर काम होतं. कचेरीत रांग लावायची गरज पडत नाही. शुल्काची नेमकी रक्कम करार भरताना तिथेच दिसते.

करारात काय लिहायचं? भाडं किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात. अनामत किती आणि त्यात प्रत्येक मुलीचा वाटा किती. एक जण मधे सोडून गेली तर तिच्या वाट्याचं काय, नवीन मुलगी कोण आणणार, किती दिवस आधी सांगायचं. वीजबिल मीटरच्या युनिटवर की ठरावीक रक्कम. पाणी किती वाजता येतं. खोलीत काय काय आहे, म्हणजे पंखे किती, खाट किती, गॅस आहे का, हे सामान आजच मोजून यादी जोडा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नंतर "भिंत आधीच ओली होती", "नाही, तुम्हीच ओली केली" हा वाद होत नाही.

भाडं रोखीनं घेतलं तरी पावती द्या. आणि भाडं थकलं म्हणून पाणी बंद करणं, दिव्याचा फ्यूज काढणं, सामान बाहेर ठेवणं, हे करू नका. कारणाशिवाय पाणी-वीज तोडण्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 नं मनाई आहे. मुदत संपूनही कुणी खोली सोडत नसेल तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट आकार मागता येतो. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो, करार कुठे आहे?

एक गोष्ट लक्षात ठेवा. अकरावी-बारावीच्या मुली अठरा वर्षांच्या आतल्या असतात. त्यांची सही करारावर चालत नाही. करार आई किंवा वडिलांशी करा आणि राहणारी म्हणून मुलीचं नाव त्यात लिहा.

आता हाच कागद मुलीच्या बाजूनं बघा. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याचे पैसे मुलीच्या खात्यात येतात. त्यासाठी ती बाहेर भाड्यानं राहते याचा पुरावा लागतो, भाड्याचा कागद लागतो. आपण "कागद-बिगद नको, तशीच राहा" म्हणतो तेव्हा आपले हजार-बाराशे वाचतात आणि त्या पोरीची वर्षाची मदत अडकते. पाड्यावरून आलेली मुलगी मग शिक्षण अर्ध्यावर सोडून परत जाते. आपल्या अकरा महिन्यांच्या कागदावर तिचं पुढचं सगळं टांगलेलं असू शकतं.

तिसरं, पोलिसांना कळवणं.

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, असे मनाई आदेश पोलीस वेळोवेळी काढतात आणि तो आदेश मोडला तर घरमालकावर गुन्हा नोंदतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली होत असे, जुलै 2024 पासून नव्या कायद्याच्या कलम 163 खाली होतं. काम सोपं आहे. फॉर्म भरायचा, मुलीचा फोटो, आधारची प्रत, कॉलेजचं ओळखपत्र, गावचा पत्ता आणि आईवडिलांचा नंबर जोडायचा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही माहिती देता येते. पोच घ्या आणि करारासोबत ठेवा. तुमचं गाव कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं ते आधी बघून घ्या.

काही जणींना वाटतं, पोलिसात नाव गेलं की पोरी घाबरतील. उलट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात जे घडलं, त्यानंतर मुलीला परगावी ठेवणारे पालक पहिला प्रश्न सुरक्षिततेचाच विचारतात. "तुमच्या मुलीची नोंद ठाण्यात केली आहे, ही पोच," असं तुम्ही सांगितलंत तर त्यांच्या जिवाला धीर येतो.

तुमची खोली सोसायटीच्या इमारतीत असेल तर सोसायटीला लेखी कळवा, कराराची आणि पोलीस पोचेची प्रत द्या. सोसायटी तुमच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 2001 पासून शासनाचा तसा आदेश आहे. आणि हे शुल्क तुम्ही स्वतः तिथे राहत नसाल तेव्हाचं आहे.

चौथं म्हणजे खोली स्वतः. किती मुली?

हा अवघड प्रश्न आहे, कारण इथे आपलं उत्पन्न आणि पोरींचा श्वास समोरासमोर येतात. दहा बाय बाराची खोली. दोन मुली ठेवल्या तर दोघींचं भाडं, चार ठेवल्या तर चौघींचं. कोणाला चार नको असतील?

दुसरीकडे हे कसं करतात ते सांगते. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांची खूप गावं आहेत आणि तिथेही एकेका घरात चार-पाच पोरं मिळून राहतात. तिथला नियम असा की वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं एका घरात राहून स्वयंपाकघर, संडास-बाथरूम एकत्र वापरणार असतील, तर घरमालकाला स्थानिक नगरपालिकेचा परवाना घ्यावाच लागतो. 2018 पासून झोपण्याच्या खोलीचं कमीत कमी मापही त्यात आलं. एका मोठ्या माणसाला साधारण 70 चौरस फूट, दोघांना साधारण 110 चौरस फूट. काही शहरांत तर कुटुंबाचं घर असं सामायिक घर करायलाच आधी नियोजनाची परवानगी लागते, नाहीतर सगळी गल्ली विद्यार्थ्यांची होते आणि पाणी, कचरा, गाड्या यांचा ताण पडतो. आपल्या देशातही बघा. तमिळनाडूत 2014 पासून महिलांची आणि मुलांची वसतिगृहं चालवायला परवाना लागतो, तसा वेगळा कायदा आहे. बंगळूरच्या महापालिकेनं ऑगस्ट 2024 मध्ये पेइंग गेस्ट चालवणाऱ्यांसाठी नियम काढले, माणशी किमान 70 चौरस फूट जागा आणि रोज 135 लिटर पाणी.

हे नियम बेलवलीला लागू नाहीत. पण माप म्हणून घ्यायला काय हरकत आहे? दहा बाय बारा म्हणजे 120 चौरस फूट. इंग्लंडच्या मापानं दोघी बसतात. बंगळूरच्या मापानं एकच. आपण चौघी ठेवतो! मी म्हणत नाही की उद्याच दोघींना बाहेर काढा. पण मोजपट्टी घ्या आणि खोली मोजा. चौथी खाट टाकल्यावर दार पूर्ण उघडतं का? खिडकी एक तरी आहे का? रात्री गॅस गळला, वायर पेटली, तर चौघी एका दारातून बाहेर पडतील का? याचं उत्तर "नाही" असेल तर चौथीचं भाडं घेऊ नका. त्या पैशांवर कुणाची मुलगी जाऊ नये.

पाण्याचाही हिशेब करा. 135 लिटरनं चार मुलींना रोज 540 लिटर पाणी लागतं. तुमची टाकी केवढी? जीवन प्राधिकरणाचं पाणी किती वेळ येतं? एक दिवस पाणी आलं नाही तर काय? पाण्यावरून शेजारणीशी होणारी भांडणं आपल्याला नवीन नाहीत.

नदीकाठच्या मैत्रिणींनी पुराचं लक्षात घ्या. उल्हास नदीनं 2005 च्या जुलैत काय केलं ते मोठ्या बायकांना आठवतं. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर माणसं बोटींनी काढावी लागली. तळमजल्याची खोली पूररेषेच्या आत असेल तर परवानगीचा प्रश्न येतोच. पण आधीपासूनचं घर असेल तरी मुलींना पहिल्याच दिवशी सांगा, पाणी वाढलं तर कुठल्या जिन्यानं वर यायचं, कुणाच्या घरी जायचं. त्या बाहेरगावच्या आहेत, त्यांना आपली नदी माहीत नाही.

काही जणी खोलीबरोबर जेवणही देतात. छान आहे, गटाचा डबा त्यातून चालतो. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये. ती करून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात लावा.

पण एकीच्या दोन खोल्या वेगळ्या आणि पूर्ण इमारतच वसतिगृह करणं वेगळं. वीस-पंचवीस मुलींची सोय करायची म्हटली की इमारतीचा वापर बदलतो, त्यासाठी नगरपरिषदेची परवानगी लागते, अग्निशमनाचे नियम येतात. जीएसटीची भीती मात्र लहान घरमालकिणीनं बाळगू नये. जुलै 2024 पासून माणशी महिना 20000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवस राहण्याच्या सोयीला तो माफ केला आहे.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या पुस्तकाबाहेरच्या, मनातल्या आहेत.

एक. खोली द्यायच्या वेळी आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "आडनाव काय गं?" त्या प्रश्नामागे काय असतं ते आपल्यालाही कळतं आणि त्या पोरीलाही कळतं. गटात आपण एका सतरंजीवर बसतो, एका डब्यातलं खातो. मग खोलीच्या दारातच आडनाव का आडवं यावं? भाडं वेळेवर देईल का, खोली स्वच्छ ठेवेल का, एवढं विचारा.

दोन. खोली भाड्यानं दिली की ती त्या मुलींची. आपल्याकडची दुसरी चावी फक्त अडीअडचणीसाठी. आत जायचं तर हाक मारून, विचारून जायचं, आणि घरातल्या पुरुषांनी तर मुली नसताना जायचंच नाही. दाराला आतून चांगली कडी, संडास-बाथरूमला आतून कडी आणि खिडकीला पडदा असू द्या. कॅमेरा लावायचा तर रस्त्याच्या दारावर, मुलींच्या दारावर नाही. अडचण आली तर 112 वर फोन करायचा, हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. रात्री उशीर झाला म्हणून ओरडायच्या आधी "लोकल लेट होती का गं?" असं विचारा. कर्जत लाइनवर राहणाऱ्या आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

आता गटानं काय करायचं ते सांगते आणि थांबते. पुढच्या बैठकीत एक ठराव लिहा. खोली बांधायला किंवा दुरुस्तीला कर्ज मागणाऱ्या सभासदानं जागेचा उतारा आणि बांधकाम परवानगीची प्रत दाखवायची. ज्यांच्या खोल्या आधीच भाड्यानं दिलेल्या आहेत, त्यांनी तीन कागद आणायचे. नोंदलेला करार, पोलिसांची पोच आणि खोलीतल्या सामानाची यादी. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना नावं ठेवू नका. गटातल्या शिकलेल्या मुलीला बरोबर घ्या, दोघी-तिघींचे करार एकाच दिवशी करून टाका, सेवा पुरवठादाराची फी पण कमी करून मागता येते. नोंदणीला पैसे कमी पडत असतील तर गटानं बाराशे रुपये अंतर्गत कर्ज द्यावं, दोन महिन्यांत फिटतं.

मुली शिकून पुढे जातील, दुसऱ्या मुली येतील. खोली तीच राहील आणि मालकीणही तीच. तिचं नाव या गावात चांगलं राहावं, तिचा हप्ता वेळेवर जावा आणि तिच्या खोलीत राहिलेल्या पोरीनं पुढे आपल्या गावातल्या दुसऱ्या मुलीला सांगावं, "बेलवलीला त्या मावशींकडे जा, काळजी नाही." याहून मोठी जाहिरात कोणती?

तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा, बैठकीला आले की बोलू.